‘नाकीडोळी नीटस’ची किंमत

विवाहविषयक जाहिरातींची भाषा गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत पुष्कळ बदलली. ‘गृहकृत्यदक्ष’ मुलीची जागा ‘पदवीधर, नोकरी करणारी’ मुलीने घेतली, हुंड्याचा शब्द कायद्याच्या धाकाने अदृश्य झाला, पगाराचे आकडे मासिक होते ते वार्षिक झाले. या उलथापालथीत एक शब्दप्रयोग मात्र जागा सोडायला तयार नाही. मुलगी ‘नाकीडोळी नीटस’ असावी ही अपेक्षा आजही छापली जाते, आणि जेथे छापली जात नाही तेथे पोहे खाता खाता पारखली जाते. डोळ्यांचे एक वेळ चष्म्याने, काजळाने निभावते. नाकाला तशी पळवाट नाही. ते चेहऱ्याच्या मधोमध उभे असते आणि समोरच्याची नजर प्रथम तेथेच टेकते. मराठी भाषेने तर अब्रूचा सारा भार त्याच्यावर टाकून ठेवला आहे. नाक कापले जाते, नाक घासावे लागते, नाक मुठीत धरून शरण जावे लागते. आणि नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्ने येतात. ही म्हण लोक हसत उच्चारतात. ज्या घरात अशी मुलगी आहे तेथे ती हसत ऐकली जात नाही.

अशा घरांपुढे आता शस्त्रक्रियेचा मार्ग उघडा झाला आहे. एके काळी नाकाचा आकार बदलून घेणे ही चित्रपटातील नटनट्यांची खासगी बाब समजली जाई. आज या शस्त्रक्रियेच्या पाट्या जिल्ह्याच्या गावी दिसतात आणि तिच्या ‘आधी’ व ‘नंतर’च्या छायाचित्रांचा वर्षाव महाविद्यालयीन मुलामुलींच्या मोबाईलवर अष्टौप्रहर चालू असतो. मुलेही यात मागे नाहीत, हे मुद्दाम सांगितले पाहिजे. साहजिकच कारकुनाच्या, शिक्षकाच्या घरात हा विषय निघू लागला आहे: भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढावी काय, सोने मोडावे काय, की मुलीची समजूत घालावी? या प्रश्नाची टिंगल करणे सोपे आहे, आणि ‘तिचे शरीर, तिची इच्छा’ असे म्हणून मोकळे होणे त्याहून सोपे आहे. दोन्हींमुळे त्या घरातील माणसांना काहीच मिळत नाही.

प्रथम हे ध्यानात घ्यावे, की ही शस्त्रक्रिया परदेशातून आलेले खूळ नव्हे. किंबहुना ती येथून परदेशात गेली. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, तुटलेल्या नाकाएवढे पान कापून घ्यावे, त्या मापाची त्वचा गालावरून सोडवून नाकावर बसवावी आणि श्वासासाठी आत दोन नळ्या ठेवाव्यात, असा विधी सांगितला आहे. ग्रंथात विद्या असणे आणि ती हातात असणे यांत मात्र अंतर असते. ती हातात असल्याचा स्पष्ट पुरावा पुण्याजवळचा आहे. लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझीन’ या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात एक पत्र प्रसिद्ध झाले. १७९२ च्या लढाईत इंग्रजी फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी नावाचा एक मराठा गाडीवान टिपू सुलतानाच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. सुमारे वर्षभर तो तसाच राहिला. पुढे पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्यांच्या जातीतील एका माणसाने त्याला नवे नाक करून दिले.

ते कसे केले याचे वर्णन पत्रात आहे, आणि ते आजच्या शल्यविशारदालाही थांबून वाचावेसे वाटेल असे आहे. मेणाच्या पातळ पत्र्याचे नाक करून ते तुटक्या जागेवर बसवून पाहायचे. मग तो पत्रा सपाट करून कपाळावर ठेवायचा आणि त्याच्या कडेने रेघ आखायची. तेवढी कातडी सोडवायची, पण दोन डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी जोडलेली ठेवायची, कारण रक्त तेथूनच येणार. नंतर ती कातडी अर्धी वळवून खाली आणायची आणि नाकाच्या ताज्या केलेल्या कडांत बसवायची. वर पाण्यात कालवलेल्या काताच्या पट्ट्या. चार दिवसांनंतर त्या काढून तुपात भिजवलेल्या कापडाच्या. दहाव्या दिवसापासून नाकपुड्यांत मऊ कापडाचे बोळे, आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी कपाळाशी जोडणारी पट्टी कापून टाकायची. मुंबई इलाख्यातील क्रूसो आणि फिंडले या दोन इंग्रज वैद्यांनी ही क्रिया प्रत्यक्ष पाहिली होती. पेशव्यांच्या दरबारी सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणारा जेम्स वेल्स हा चित्रकार. त्याने जानेवारी १७९४ मध्ये कावसजीचेही चित्र काढले. ते वर्णन वाचून लंडनच्या जोसेफ कार्प्यू याने प्रेतांवर सराव केला, १८१४ आणि १८१५ साली दोन रुग्णांवर शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये तिचा वृत्तान्त छापला. कपाळाच्या त्वचेने नाक घडवण्याची ही पद्धत जगभर आजही ‘भारतीय पद्धत’ म्हणून ओळखली जाते. गाडीवानाचे नाव उरले, पाहणाऱ्यांची नावे उरली, चित्रकाराचे उरले. ज्याने नाक केले त्याचे नाव पत्रलेखकाला विचारावेसे वाटले नाही. वीटभट्टीवरील माणसाच्या हातची विद्या कोणाच्या खात्यावर जमा होते, हा निराळ्या लेखाचा विषय आहे.

येथे लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की ही विद्या या देशात वाढली याचे कारण या देशात नाके कापली जात होती. पंचवटीतील शूर्पणखेच्या कथेपासून, जिच्यावरून नाशिकच्या नावाची एक व्युत्पत्ती सांगितली जाते, युद्धकैद्यांपर्यंत आणि संशयाने पेटलेल्या नवऱ्यांच्या बायकांपर्यंत ही शिक्षा पोचलेली होती. जीव न घेता माणसाला माणसांतून उठवणे, हा तिचा हेतू. कावसजीला नाक सुंदर व्हावे म्हणून नको होते. बाजारात गेल्यावर कोणी वळून पाहू नये एवढेच त्याला हवे असणार. दीडशे वर्षांनंतर याच पुण्याच्या परिसरात, कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात, डॉ. नोशीर अंतिया यांनी हेच काम हाती घेतले. कुष्ठरोगात नाकाच्या आतील कूर्चा झिजते आणि नाकाचा कणा खचतो. औषधाने जंतू मरतात, रोगी बरा होतो. खचलेले नाक मात्र गावाला रोगाची साक्ष देत राहते आणि बरा झालेला माणूस वेशीबाहेरच राहतो. सर हॅरॉल्ड गिलीज यांच्या हाताखाली इंग्लंडात शिकून आलेल्या अंतियांनी ही नाके उभी केली, आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात या शाखेचा विभाग नावारूपाला आणला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. सी. बालकृष्णन यांनी १९५८ साली उभा केलेला स्वतंत्र विभाग तर देशातील अगदी आरंभीच्या अशा विभागांपैकी एक. दुभंगलेल्या ओठाबरोबर चपटे झालेले नाक, अपघातात मोडलेले नाक, भाजलेले नाक, कर्करोगात गेलेले नाक यांविषयी वाद घालण्याचे कारणच नाही. तेथे शस्त्रक्रिया न करणे हाच अन्याय.

वाद धडधाकट नाकाचा आहे. ज्याला रोग नाही, जखम नाही, श्वासाला अडथळा नाही, असे नाक केवळ मनाला पटत नाही म्हणून बदलावे काय? हा प्रश्न प्रथम स्पष्टपणे पुढे आला तो बर्लिनमध्ये. जाक योसेफ या तरुण अस्थिवैद्याने १८९६ साली एका मुलाचे पुढे आलेले कान मागे घेतले. शाळेत मुले चिडवतात म्हणून ते मूल शाळेत जाईना, एवढेच कारण होते. नुसत्या दिसण्यासाठी सुरी चालवली म्हणून योसेफला संस्थेतून काढून टाकण्यात आले. दोन वर्षांनी, १८९८ साली, मोठ्या नाकामुळे लोकांत मिसळणे टाळणाऱ्या एका तरुणाचे नाक त्याने लहान केले आणि बर्लिनच्या वैद्यकसभेपुढे ठामपणे मांडले, की या माणसाचे दुःख खरे होते, ते गेले, आणि दुःख घालवणे हे वैद्याचे काम आहे. त्याचा हा युक्तिवाद आजवर कोणालाही पूर्णपणे खोडता आलेला नाही. जी तरुणी आरशाकडे पाठ करून बसते, वर्गात हात वर करीत नाही, छायाचित्राच्या वेळी मागे सरते, तिचे दुःख ‘मनाचे खेळ’ म्हणून झटकणाऱ्या वडीलमंडळींनी योसेफचे म्हणणे एकदा शांतपणे विचारात घ्यावे.

तथापि योसेफच्या गोष्टीचा दुसरा भागही आहे, आणि तो अधिक बोचणारा आहे. योसेफ ज्यू होता आणि त्याच्याकडे येणाऱ्यांत ज्यू पुष्कळ होते. बर्लिनच्या व्यंगचित्रांत ज्यू माणसाचे नाक एका ठराविक साच्याचे काढले जाई. ते नाक घेऊन कचेरीत, पेढीत, समाजात वावरणे नकोसे होई. गरीब रुग्णांकडून योसेफ पैसे घेत नसे असे सांगतात. शस्त्रक्रियेने त्या माणसांना गर्दीत मिसळता आले, हे खरे. पण गर्दीचा द्वेष नाकाशी नव्हता. १९३५ साली न्यूरेंबर्गचे कायदे आले तेव्हा ज्यू कोण हे आजी-आजोबांच्या धर्मावरून ठरवण्यात आले. कोणाचे नाक कसे दिसते हे विचारले गेले नाही. त्याच्या आदल्याच वर्षी, १९३४ साली, योसेफ निवर्तला होता.

नाकावरून माणसाची प्रत ठरवण्याचा उद्योग आपल्याकडेही सरकारी शिक्क्याने झाला आहे. हर्बर्ट रिस्ले हे १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त. नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणायचे, आणि येणाऱ्या ‘नासिकांका’वरून वंश ओळखायचा, ही त्यांची रीत. नाक जितके रुंद तितकी जातीची सामाजिक पायरी खालची, असा नियमच त्यांनी काढला. मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये यांनी १९३२ च्या आपल्या ग्रंथात हीच मापे प्रांतवार लावून पाहिली, आणि उत्तर प्रदेशाबाहेर, महाराष्ट्रातसुद्धा, हा नियम टिकत नाही हे दाखवले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४८ साली अस्पृश्यांविषयीच्या आपल्या ग्रंथात घुर्यांच्या याच मापांचा आधार घेऊन, ब्राह्मण आणि अस्पृश्य हे दोन वेगळे वंश असल्याची कल्पना फेटाळून लावली. शास्त्राने हा विषय असा केव्हाच निकालात काढला आहे. समाजाच्या डोळ्यांत मात्र रिस्लेसाहेबांचा मोजपट्टा अजून शाबूत आहे. सरळ, चाफेकळीसारखे नाक म्हणजे ‘चांगल्या घरचे’, आणि बसके, रुंद नाक म्हणजे काय, हे कोणी उघड बोलत नाही. पण पाहुणे निरोप पाठवतात, ‘पत्रिका जुळत नाही’. जी मुलगी नाक बदलायला निघते ती पुष्कळदा हा न बोललेला अर्थ ऐकून निघालेली असते.

आता प्रत्यक्ष शस्त्रक्रियेविषयी. तिच्याबद्दल जाहिरातींतून जे कळते त्यात ‘एका दिवसात घरी’ एवढाच भाग सहसा खरा असतो. बहुधा पूर्ण भूल देऊन दोनेक तासांत ही क्रिया होते. नाकाच्या आतून, किंवा दोन नाकपुड्यांमधील पट्टीवर लहानसा छेद घेऊन त्वचा उचलतात, हाड आणि कूर्चा तासून वा कापून नवी रचना करतात, आणि नाक बसके असेल तर त्याला आधार देण्यासाठी नाकाच्या पडद्याची, कानाची, प्रसंगी बरगडीची कूर्चा काढून बसवतात. सुमारे आठवडाभर नाकावर साचा राहतो. डोळ्यांभोवतीचे काळेनिळेपण जायला दहा-पंधरा दिवस लागतात. सूज मात्र महिनोन् महिने उतरत राहते, आणि नाकाच्या शेंड्याचा खरा आकार कळायला वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ जातो. लग्नाची तारीख ठरवून त्याआधी दोन महिने नाक करून घेऊ पाहणाऱ्यांनी हे हिशेबात धरलेले नसते. आपल्याकडील जाडसर त्वचेखाली केलेले बारीक कोरीवकाम बाहेर तितकेसे उमटत नाही, हेही प्रामाणिक शल्यविशारद आधीच सांगतो. चित्रातील नटीचे नाक दाखवून ‘असे करा’ म्हणणाऱ्याला तो नकार देतो.

बहुसंख्य रुग्ण शेवटी समाधानी असतात, असे निरनिराळ्या देशांतील पाहण्या सांगतात, आणि ते नाकारण्याचे कारण नाही. पण शंभरांतल्या पाच ते पंधरा जणांना पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते असा साधारण अनुभव आहे. दुसरी पहिलीपेक्षा अवघड असते आणि तिच्यासाठी निदान वर्षभर थांबावे लागते. नाकाचा मार्ग अरुंद होऊन आयुष्यभर श्वासाचा त्रास होणे, पडद्याला भोक पडणे, एक बाजू तिरकी दिसणे, जंतुसंसर्ग, क्वचित गंध कमी होणे, हे धोके सहीच्या कागदावर बारीक अक्षरांत असतात. चांगल्या श्वासाचे नाक देऊन सुबक पण चोंदलेले नाक विकत घेणे, हा व्यवहार कोणी जाणूनबुजून करणार नाही. तो नकळत होतो. अलीकडे ‘बिनशस्त्रक्रियेचे नाक’ म्हणून सुईने द्रव्य भरण्याची टूम निघाली आहे, आणि सौंदर्यप्रसाधनाच्या दुकानांतही ती चालते असे ऐकिवात येते. हे द्रव्य चुकून रक्तवाहिनीत गेले तर नाकाची त्वचा मरते, आणि डोळ्याकडे जाणारी वाहिनी बंद झाली तर दृष्टी कायमची जाते. स्वस्तात मिळते म्हणून या वाटेला जाणे शहाणपणाचे नव्हे.

पैशाचा विचार मध्यमवर्गीयाला करावाच लागतो. खासगी रुग्णालयात खर्च लाखाच्या घरात जातो. आरोग्यविम्याच्या पत्रात सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया वगळलेली असते. अपघात, भाजणे, कर्करोग यांनंतरची पुनर्रचना तेवढी मान्य होते. वैद्यकीय सेवांना वस्तू व सेवा कराची माफी आहे, तीही केवळ सौंदर्यासाठीच्या शस्त्रक्रियेला नाही. म्हणजे सरकारी दप्तराच्या दृष्टीने कावसजीचे नाक उपचार ठरेल आणि लिपिकाच्या मुलीचे नाक चैन ठरेल. हा भेद ढोबळमानाने योग्य असला तरी त्याच्या कडेला पुष्कळ माणसे उभी आहेत. ज्याचा पडदा वाकडा आहे आणि श्वासही कोंडतो, त्याने कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे आधी तेवढाच भाग दाखवून घ्यावा. तो उपचार आहे, आणि सरकारी रुग्णालयांतही होतो.

कायद्याने रुग्णाला काही हत्यारे दिली आहेत. ती वापरली मात्र जात नाहीत. वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली ठरवले. २००८ च्या समीरा कोहली खटल्यात संमती म्हणजे नुसती सही नव्हे, हे स्पष्ट झाले: उपचाराचे स्वरूप, त्याचे फायदे, धोके आणि दुसरे पर्याय पुरेसे समजावून दिलेले असले पाहिजेत. वैद्यांच्या आचारसंहितेचे २००२ चे नियम तर डॉक्टरांनी जाहिरात करून रुग्ण ओढण्यालाच अनैतिक म्हणतात. मग मोबाईलवर जी हजारो ‘नंतर’ची नाके मिरवतात ती कोणत्या नियमात बसतात? वैद्यक परिषदांनी एकदा या छायाचित्रांकडे लक्ष द्यायला हरकत नाही. अठराव्या वर्षी सही करण्याचा अधिकार मिळतो. पण बारावीच्या निकालाची बक्षिसी म्हणून ही शस्त्रक्रिया देणाऱ्या पालकांनी त्या वयाचा चेहरा अजून स्थिरावलेला नसतो आणि मन तर नसतेच नसते, याचा विचार करावा. शल्यविशारदाची पदवी कोणती, ती प्लास्टिक सर्जरीची आहे की कान-नाक-घशाची, अशी किती नाके त्याने केली आणि बिघडले तर दुरुस्ती कोण करणार व कोणत्या खर्चाने, हे विचारायला संकोच वाटू देऊ नये. पंखा घेताना गृहस्थ याहून अधिक चौकशी करतो.

सर्वांत अवघड भाग मनाचा. ज्यांना आपल्या चेहऱ्यातील किंचित किंवा काल्पनिक दोषाचा ध्यास लागतो, दिवसाचे तासन् तास त्यातच जातात, असा एक मानसिक विकार वैद्यकाला ठाऊक आहे. सर्वसाधारण लोकांत तो शंभरांत दोघांना आढळतो. बेल्जियममधील ल्युव्हेन येथील वैद्यांनी नाकाच्या शस्त्रक्रियेसाठी आलेल्यांची पाहणी २०११ साली प्रसिद्ध केली, तेव्हा त्यांतील सुमारे एक तृतीयांश लोकांत त्याची मध्यम किंवा तीव्र लक्षणे दिसली. अशा माणसाचे नाक कितीही सुरेख केले तरी त्याचे समाधान होत नाही. तो दुसऱ्या वैद्याकडे जातो, मग तिसऱ्याकडे. त्याला मानसोपचाराची गरज असते, आणि त्याला परत पाठवणे हे शल्यविशारदाचे कर्तव्य आहे, मग शुल्क बुडाले तरी. निरोगी मनालाही हल्ली फसवणारे साधन हातातच असते. अमेरिकेतील २०१८ च्या एका अभ्यासात गणिताने दाखवले, की हात लांब करून, सुमारे एक फुटावरून काढलेल्या छायाचित्रात नाक पाच फुटांवरून दिसते त्याहून साधारण तीस टक्के अधिक रुंद दिसते. जगात ज्या अंतरावरून लोक एकमेकांना पाहतात तेथे ते नाक अस्तित्वातच नसते. अशा भिंगातल्या नाकासाठी हाड कापून घ्यायचे काय, हे प्रत्येकाने ठरवण्यापूर्वी मित्राच्या हाती मोबाईल देऊन सहा फुटांवर उभे राहावे.

याचा अर्थ कोणीच ही शस्त्रक्रिया करू नये असा नाही. जी स्त्री वा जो पुरुष वयाने प्रौढ आहे, कमावता आहे, ज्याला एक विशिष्ट गोष्ट, नाकावरील उंचवटा म्हणा, वर्षानुवर्षे खटकते आहे, ज्याला धोके माहीत आहेत आणि नाक बदलल्याने नोकरी, प्रेम वा सासर मिळेल असा ज्याचा समज नाही, त्याने ती करून घेतली तर नाक मुरडण्याचा अधिकार शेजाऱ्यांना नाही. कवळी बसवणारे, केस काळे करणारे, दात सरळ करून घेणारे सर्वजण याच वाटेवरचे प्रवासी आहेत. आक्षेप आहे तो दुसऱ्या प्रकाराला: मुलीच्या इच्छेच्या नावाखाली घरातल्यांनी, नात्यातल्यांनी, मध्यस्थांनी तिच्या तोंडावर टाकलेल्या बोजाला. तीन ठिकाणांहून नकार आला की आई हळूच म्हणते, “हल्ली नाक नीट करून मिळते म्हणे.” मुलीला ते ऐकून जे वाटते ते पुढे कोणत्याही साच्याखाली सरळ होत नाही. शिवाय लग्न ठरल्यावर ही गोष्ट सासरी सांगायची की लपवायची हा पेच उरतोच. लपवली तर जुन्या छायाचित्रांचे गठ्ठे माळ्यावर जातात, आणि पुढे मूल आजीच्या जुन्या नाकावर गेले की कुजबूज सुरू होते. सुरी आनुवंशिकतेला पोचत नाही. ज्या वरपक्षाला नाक पाहून सून हवी आहे त्याला दुसरे काय काय पाहून हवे असेल, याचीही चौकशी वधूपित्याने पैसे भरण्यापूर्वी केलेली बरी.

या साखळीचा आरंभ लग्नाच्या बाजारात होत नाही. तो फार आधी, शाळेत होतो. बर्लिनचे ते मूल शाळेतूनच घाबरून घरी बसले होते. नकटा, चपटी, पोपट, भजी ही नावे दुसरी-तिसरीच्या वर्गात पडतात आणि दहावीपर्यंत पुरतात. वर्गातल्या मुलांनी ती ठेवलेली असतात. शिक्षकांना ती ऐकू येतात, कधी शिक्षकही हसतात, आणि कधी हजेरीच्या वेळी त्यांच्याच तोंडून ती निसटतात. यासाठी कायदा नको, परिपत्रक नको, निधी तर नकोच नको. वार्षिक संमेलनाला पाहुणे येतात तेव्हा स्वागतगीतासाठी पहिल्या रांगेत कोणत्या मुली उभ्या करायच्या आणि कोणाला मागे, पडद्याच्या बाजूला ठेवायचे, हे कोणाच्या आवाजावरून ठरते की चेहऱ्यावरून, एवढे जरी शाळाशाळांतून यंदाच्या तालमीपूर्वी तपासले गेले, तरी मागच्या रांगेतल्या गोड गळ्याच्या काही मुली पुढे येतील.